'पायोनिअर्स ऑफ आफ्रिकन-अमेरिकन सिनेमा' : एका विखारी मूकपटाला मिळालेले उत्तर

किनो लॉर्बर या अमेरिकी वितरण संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेला 'पायोनिअर्स ऑफ आफ्रिकन-अमेरिकन सिनेमा' हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सुरुवातीच्या चित्रपटांचा पाच ब्लू-रे तबकड्यांचा संच घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर 'अवश्य घ्यावा' असे आहे. त्याचे कारण सांगायचे तर मात्र आधी या संचात नसलेल्या एका चित्रपटाविषयी सविस्तर बोलावे लागेल. डेव्हिड वॉर्क ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) हा तो चित्रपट. त्याच्या प्रताधिकाराची मुदत कधीच संपली असल्याने तो इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतो, चित्रपटकलेच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव पहिल्या काही तासांतच निघते आणि बहुतेक ठिकाणी 'तंत्र थोर, आशय तेवढा निषेधार्ह' एवढे म्हणून विषय पुढे नेला जातो. तंत्र आणि आशय यांची अशी वाटणी करता येते, हे मला मुळीच मान्य नाही. हा संच पाहिल्यावर ते आणखी कोणाला मान्य होईल, असेही वाटत नाही.

ग्रिफिथने हा चित्रपट टॉमस डिक्सनच्या १९०५ सालच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीवर आणि तिच्या नाट्यरूपावर बेतला. लॉस एंजेलिसमध्ये ८ फेब्रुवारी १९१५ रोजी तो कादंबरीच्याच नावाने दाखवला गेला, ३ मार्चला न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरमध्ये नव्या नावाने लागला आणि चित्रपट काही सेंटांत पाहायला मिळत असे त्या काळात त्याच्या चांगल्या जागांसाठी दोन डॉलर मोजले गेले. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटाच्या पूर्वार्धात अमेरिकेचे यादवी युद्ध आहे. उत्तरार्धात युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ येतो, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांना मताचा अधिकार मिळाला, ती निवडणुकीला उभी राहिली आणि निवडूनही आली तो काळ. ग्रिफिथच्या पडद्यावर हा काळ म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्यांवर कोसळलेले अरिष्ट आहे. त्यातून त्यांना सोडवायला येतात ते कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या गुप्त संघटनेचे पांढरे झगे घातलेले घोडेस्वार. कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या आहेत. गस नावाचा माजी सैनिक फ्लोरा या तरुणीच्या मागे लागतो, ती कड्यावरून उडी टाकते, क्लॅनचे लोक गसला ठार मारून त्याचे प्रेत सायलस लिंच या मिश्रवर्णीय पुढाऱ्याच्या दारात टाकतात आणि हा सगळा प्रकार न्यायदान म्हणून आपल्यासमोर मांडला जातो.

दक्षिण कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाचे दृश्य मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले, कारण द्वेष पसरवण्याचे तंत्र या चित्रपटात जसे आहे तसे ते त्या दृश्यात उघडे पडते. दृश्याआधी पडद्यावर येणारी मजकुराची पाटी सांगते की, ही सभागृहाची ऐतिहासिक प्रतिकृती असून ती छायाचित्रावरून उभारली आहे. पुढे १८७१ च्या अधिवेशनात १०१ कृष्णवर्णीय आणि २३ गोरे सदस्य असल्याचा आकडा दिला जातो. मग सभागृह माणसांनी भरते. एक सदस्य बूट काढून उघडा पाय बाकावर ठेवतो, दुसरा लपवून आणलेल्या बाटलीतून दारू पितो, तिसरा मांसाचा तुकडा चघळत बसतो. गोऱ्या आणि काळ्यांच्या विवाहाला परवानगी देणारा कायदा मंजूर होताच सगळ्या माना सज्जात बसलेल्या गोऱ्या स्त्रियांकडे वळतात. याआधीच्या तासाभरात प्रेक्षकाने फोर्ड थिएटरमधील लिंकनचा खून अशाच 'प्रतिकृती'च्या पाटीखाली पाहिलेला असतो आणि तो खून खरोखर घडलेला आहे. त्या खऱ्या दृश्याने कमावलेला विश्वास या धादांत खोट्या दृश्याच्या कामी येतो. पाटी, आकडा, छायाचित्राचा हवाला आणि बारकाईने उभारलेले सभागृह ही सारी ग्रिफिथच्या तंत्राची थोरवी म्हणून सांगितली जाते. खोट्याला खऱ्याचा रंग देण्याचे काम तिनेच केले आहे.

वस्तुस्थिती अशी की, त्याच राज्याने १८७० साली जोसेफ रेनी यांना वॉशिंग्टनला पाठवले आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून तो ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा पुनर्रचनेचा हा काळ चालू होता. पुण्यात बसून फुल्यांना ज्या घटनेत मनुष्यमात्राच्या मुक्तीची आशा दिसली, तीच घटना ग्रिफिथने चाळीस वर्षांनंतर गुन्हा म्हणून रंगवली, याची जाणीव ठेवून हा चित्रपट पाहिला की मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुनर्रचना म्हणजे अननुभवी काळ्यांच्या हाती सत्ता देण्याची घोडचूक, हे मत ग्रिफिथने किंवा डिक्सनने शोधून काढलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी तेच शिकवत व लिहीत होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकत होते आणि त्याच शहरात हा चित्रपट महिनोन्‌महिने गर्दी खेचत होता. डनिंग यांच्या मांडणीला सविस्तर उत्तर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ च्या आपल्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' या ग्रंथात दिले. याच डुबॉइस यांना आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

चित्रपटाला मान्यता देणाऱ्यांत राष्ट्राध्यक्षही होते. वुड्रो विल्सन आणि डिक्सन हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जुने सहाध्यायी. त्या ओळखीमुळे १८ फेब्रुवारी १९१५ रोजी व्हाइट हाउसमध्ये चित्रपटाचा खेळ झाला. त्या वेळी विल्सन यांनी काढलेले म्हणून जे कौतुकाचे उद्गार सर्वत्र छापले जातात, त्यांना समकालीन पुरावा नाही आणि ते मी येथे देत नाही. त्यांची गरजही नाही. विल्सन यांच्या अमेरिकेच्या इतिहासग्रंथातील क्लॅनला अनुकूल अशी वाक्ये चित्रपटाच्या पाट्यांवरच छापलेली आहेत आणि राष्ट्राध्यक्षाचे नाव तेथे वाचणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला दुसऱ्या कोणत्या प्रशस्तिपत्राची जरुरी नव्हती.

परिणाम काय झाला, याबाबत आता अंदाजावर विसंबण्याचे कारण राहिलेले नाही. मूळ क्लॅन १८७० च्या दशकातच मोडीत निघाली होती. विल्यम सिमन्सने २५ नोव्हेंबर १९१५ च्या रात्री जॉर्जियातील स्टोन माउंटन या डोंगरावर क्रूस पेटवून ती नव्याने उभी केली आणि थोड्याच दिवसांनी, अटलांटामध्ये चित्रपट लागला त्या वेळी, वर्तमानपत्रात चित्रपटाच्या जाहिरातीशेजारी आपल्या संघटनेची जाहिरात दिली. क्रूस पेटवणे ही जुन्या क्लॅनची प्रथा नव्हती, ती डिक्सनच्या कादंबरीतून उचललेली होती. पुढल्या दहा वर्षांत या नव्या क्लॅनचे सदस्य लाखांनी मोजावे लागले. १९२५ साली वॉशिंग्टनच्या हमरस्त्यावरून झगे घातलेल्या हजारोंनी दिवसाउजेडी संचलन केले. पुढे अनेक दशके नवे सदस्य मिळवण्यासाठी क्लॅन हाच चित्रपट दाखवत राहिली. अर्थशास्त्रज्ञ डेस्मंड आंग यांनी २०२३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चित्रपटाचा पाच वर्षांचा गावोगावचा दौरा आणि त्या काळातील हिंसेच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. चित्रपट ज्या परगण्यात पोहोचला तेथे त्याच सुमारास झुंडबळी आणि वांशिक दंगली एकदम वाढल्या, तेथे १९२० च्या दशकात क्लॅनचा जोर अधिक राहिला आणि शंभर वर्षांनंतरही द्वेषातून होणारे गुन्हे तेथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहेत, असे त्यांना आढळले. त्याही आधी, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, पीटरसन आणि थर्स्टन या अभ्यासकांनी इलिनॉयमधील क्रिस्टल लेक या गावातील शाळकरी मुलांना हा चित्रपट दाखवून त्यांची मते आधी व नंतर मोजली होती. त्या गावात कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच. एका खेळाने मुलांची मते स्पष्टपणे कलुषित झाली आणि पाच महिन्यांनी पुन्हा मोजल्यावरही तो परिणाम बऱ्याच अंशी टिकून होता. ज्यांनी आयुष्यात काळ्या माणसाशी कधी दोन शब्दही बोललेले नसतील, त्या मुलांच्या मनात तीन तासांत एवढे रुजते, ही गोष्ट मला झुंडबळींच्या आकड्यांइतकीच भयंकर वाटते.

'त्या काळी सगळे असेच विचार करत होते' ही सबब येथे टिकत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने पहिल्या खेळांपासून चित्रपटाविरुद्ध मोहीम चालवली. बोस्टनमध्ये संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांनी शेकडो लोकांसह ट्रेमॉन्ट थिएटरवर निदर्शने केली आणि त्यांना अटक झाली. ओहायो आणि कॅन्ससमध्ये चित्रपटावर बंदी आली. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ च्याच फेब्रुवारीत दिला होता आणि तो १९५२ पर्यंत कायम राहिला. ग्रिफिथने मात्र विरोधकांनाच असहिष्णू ठरवत भाषणस्वातंत्र्यावर पुस्तिका छापली. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. पण या चित्रपटाने माणसे मरतील, हे ओळखणारे लोक १९१५ मध्येही होते आणि त्यांनी ते मोठ्याने सांगितले होते.

ग्रिफिथ हा यातला एकटा नव्हे, हेही थोडक्यात नोंदवायला हवे. काळ्या माणसांची टवाळी करणाऱ्या आखूड फिती एडिसनच्या कंपनीपासून सर्वांनी काढल्या होत्या. १९१५ मध्येच सेसिल डिमिलच्या 'द चीट'मध्ये सेस्यू हायाकावाने रंगवलेला श्रीमंत जपानी गृहस्थ गोऱ्या स्त्रीच्या खांद्यावर तापलेल्या शिक्क्याचा डाग देताना दाखवला गेला. जपानी समाजाने निषेध केल्यावर १९१८ च्या नव्या आवृत्तीत त्या पात्राला ब्रह्मदेशाचा करून टाकण्यात आले.

आता प्रत्यक्ष संचाकडे येतो. चार्ल्स मसर आणि जॅकलिन नजुमा स्टुअर्ट या अभ्यासकांनी निवडलेल्या या संचासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात आली होती. त्यातील सर्वांत महत्त्वाचे नाव ऑस्कर मिशो यांचे. इलिनॉयमध्ये १८८४ साली जन्मलेले, साउथ डकोटात जमीन कसलेले, स्वतःच्या कादंबऱ्या स्वतः छापून विकलेले मिशो १९१९ मध्ये चित्रपटाकडे वळले आणि १९२० च्या जानेवारीत शिकागोत त्यांचा 'विदिन अवर गेट्स' प्रदर्शित झाला. आदल्या उन्हाळ्यात त्याच शहरातील वांशिक दंगलीत ३८ माणसे मेली होती, त्यामुळे सेन्सॉर मंडळाने चित्रपट सहजासहजी सोडला नाही. पुढे तो नाहीसाच झाला. त्याची एकच प्रत माद्रिदच्या चित्रपट संग्रहालयात 'ला नेग्रा' या स्पॅनिश नावाखाली सापडली आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिच्यावरून १९९० च्या दशकात आजची प्रत तयार केली. पाट्या स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या आहेत आणि एक तुटलेला भाग पाटीवरच्या सारांशाने भरून काढला आहे.

हा चित्रपट ग्रिफिथचे शस्त्र हिसकावून घेतो. 'बर्थ'च्या शेवटी सायलस लिंचच्या तावडीत सापडलेली गोरी नायिका एल्सी, खोपटात वेढले गेलेले गोरे कॅमेरन कुटुंब आणि दौडत येणारे क्लॅनचे घोडे यांची समांतर मांडणी करून प्रेक्षकाचा श्वास रोखून धरला जातो, वाग्नरच्या संगीतावर घोडे वेळेत पोहोचतात आणि सुटकेच्या आनंदात प्रेक्षक नकळत मारेकऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. मिशो हीच समांतर मांडणी वापरतात. जॅस्पर लँड्री हा वाट्याने जमीन कसणारा माणूस, मानलेल्या मुलीने म्हणजे सिल्व्हियाने नीट मांडून दिलेला हिशोब घेऊन जमीनदाराकडे जातो. तेथे दुसऱ्याच एका गोऱ्या माणसाच्या गोळीने जमीनदार मरतो, आळ लँड्रीवर येतो आणि झुंड त्या नवराबायकोला पकडून ठार मारते. ठीक त्याच वेळी दुसऱ्या घरात जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर बलात्कार करू पाहतो. दोन्ही दृश्ये आलटून पालटून येत राहतात आणि कोणीही घोडेस्वार येत नाही. सिल्व्हिया वाचते ती तिच्या छातीवरील जखमेची खूण पाहून ती आपलीच मुलगी असल्याचे त्या माणसाला कळते म्हणून. गोऱ्या स्त्रीला काळ्या पुरुषापासून धोका आहे, या 'बर्थ'च्या मध्यवर्ती कल्पनेला गुलामगिरीच्या खऱ्या इतिहासातून दिलेले याहून थेट उत्तर मी पाहिलेले नाही. झुंडीतल्या बायका आणि मुलेही मिशो यांनी काठ्या, दोर घेतलेली दाखवली आहेत. ते दृश्य वारंवार पाहणे मला जमले नाही.

मिशो आपल्या लोकांनाही सोडत नाहीत, हे त्यांचे मोठेपण आहे. नेड नावाचा धर्मोपदेशक गोऱ्यांना खूश ठेवण्यासाठी काळ्यांना मताधिकाराची गरज नाही असे सांगत फिरतो. ते गोरे त्याच्या ढुंगणावर लाथ मारतात, तोही त्यांच्याबरोबर हसतो आणि बाहेर येऊन दार लावतो. दार बंद होताच त्याच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले जाते आणि आपण पुन्हा एकदा स्वतःला विकले, हे तो स्वतःशी कबूल करतो. क्षणभराचे दृश्य आहे, पण ग्रिफिथच्या तीन तासांत एकाही काळ्या पात्राला असे स्वतःचे मन दिलेले नाही.

संचातील सगळेच या तोलाचे नाही. 'द सिम्बल ऑफ द अनकॉन्कर्ड' (१९२०) बेल्जियममध्ये सापडलेल्या प्रतीवरून तयार केला आहे. त्यात झगेवाल्या टोळीचा पराभव होतो ते अखेरचे दृश्यच बहुतांशी हरवले आहे आणि त्या जागी पाट्यांवर समाधान मानावे लागते. जॅझ वादक मॅक्स रोच यांचे ढोल त्या पडझडीतही चित्रपट उचलून धरतात. 'बॉडी अँड सोल'मध्ये (१९२५) पॉल रॉबसन ढोंगी पाद्री आणि त्याचा सज्जन भाऊ अशा दोन्ही भूमिकांत आहेत आणि केवळ त्यांच्यासाठी तो पाहावा. 'विदिन अवर गेट्स'ला पॉल मिलर म्हणजेच डीजे स्पूकी यांनी दिलेले आजच्या वळणाचे संगीत मला काही ठिकाणी खटकले. झुंडीच्या दृश्यात आवाज बंद करून पाहिल्यावर ते दृश्य अधिक भिडले. ओक्लाहोमातील पाद्री सॉलोमन सर जोन्स यांनी १९२० च्या दशकात टिपलेल्या घरगुती फिती मात्र वगळू नयेत. चर्चमधून बाहेर पडणारी कुटुंबे, दुकानांसमोर उभे असलेले मालक, शाळेची मुले, एवढेच त्यांत आहे आणि ग्रिफिथचे विधिमंडळ पाहिल्यानंतर हे साधे, नीटनेटके जगणे पाहताना मनाला फार बरे वाटते.

प्रतींचा दर्जा असमान आहे. त्या काळच्या नाशवंत नायट्रेट फितीवरचे डाग आणि विरघळलेल्या चौकटी अनेक ठिकाणी दिसतात, परंतु त्याला इलाज नव्हता. सोबतची निबंधपुस्तिका चांगली आहे आणि चित्रपटाआधी ती वाचावी. माझी तक्रार एकच आहे. 'बर्थ'मधील निवडक दृश्ये तुलनेसाठी संचात घेतली असती, तर हे उत्तर कोणत्या प्रश्नाला आहे ते नव्या प्रेक्षकाला लगेच कळले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९२ साली 'बर्थ' आणि 'विदिन अवर गेट्स' यांची निवड एकाच यादीत झाली, पण महाविद्यालयांत पहिला दाखवला जातो आणि दुसरा क्वचितच.

भारतातून मागवणाऱ्यांनी रीजन कोड, म्हणजे तबकडी कोणत्या भूभागातील यंत्रावर चालेल ते ठरवणारी खूण, आधी तपासून घ्यावा. आपल्याकडील ब्लू-रे यंत्रे रीजन सी, तर अमेरिकी तबकड्या बहुधा रीजन ए अशी विभागणी असते. पाट्या इंग्रजीत आहेत, भाषा कठीण नाही. परदेशी टपालखर्चासह किंमत एका माणसाला जड जाईल, म्हणून फिल्म सोसायट्यांनी आणि चित्रपट किंवा इतिहास शिकवणाऱ्या विभागांनी हा संच ग्रंथालयासाठी घ्यावा. ज्यांना एकच संध्याकाळ देता येईल त्यांनी 'बर्थ'मधील विधिमंडळाचा प्रसंग आणि शेवटची दौड एवढेच पाहून लगेच 'विदिन अवर गेट्स' पूर्ण पाहावा. त्याला दीड तासाहूनही कमी वेळ लागतो.